वजन तेवढंच, पण मांड्या उतरल्या आणि पोट सुटलं: आयजीएफ-१ च्या रिपोर्टबद्दल मदत हवी आहे

वडील ६७ वर्षांचे, चोपडा तालुक्यात केळीची शेती. वजनकाटा हलत नाही, पण दंड-मांड्या बारीक झाल्या आणि पोट पुढे आलं. थायरॉइड, बी-१२, क्रिएटिनिन नॉर्मल. साखर मधुमेहाच्या उंबरठ्यावर. डोकेदुखी, नजरेचा त्रास नाही. ग्रोथ हार्मोन थांबून-थांबून स्रवतं, एकदा रक्त काढून कळत नाही, म्हणून त्याच्यामुळे शरीरात तयार होणाऱ्या आणि रक्तात जास्त स्थिर राहणाऱ्या आयजीएफ-१ ची तपासणी केली. वयाच्या रेंजमध्ये आहे, पण अगदी खालच्या टोकाला.

ओळखीतला जिमवाला ग्रोथ हार्मोनची इंजेक्शनं घ्या म्हणून मागे लागलाय. १९९० च्या अभ्यासात साठीपुढच्या पुरुषांची चरबी घटली, स्नायू वाढले, हे तो सांगतो. नंतरच्या अभ्यासांत ताकद फारशी वाढली नाही, उलट सूज, सांधेदुखी आणि वाढलेली साखर दिसली, हे मात्र गाळतो! तो मार्ग आम्हाला नकोच.

रोज चालतात, फरक नाही. शाकाहारी आहेत: कळण्याची भाकरी, डाळ, ताक. गुडघ्यांमुळे बैठका जमत नाहीत.

असा रिपोर्ट वयाचाच समजायचा, की एंडोक्रिनोलॉजिस्टकडून (हार्मोनतज्ज्ञाकडून) पिट्यूटरीची, म्हणजे ग्रोथ हार्मोन बनवणाऱ्या मेंदूखालच्या ग्रंथीची, पुढची तपासणी करावी? आणि गुडघे सांभाळून मांड्यांत ताकद आणणारे, घरी करता येतील असे कोणते व्यायाम तुमच्याकडच्या वडीलधाऱ्यांना मानवले?