पश्चिम सहारातील सार्वमत नेमके कुठे अडले?

प्रश्न : १९९१ मध्ये युद्धबंदीबरोबर संयुक्त राष्ट्रांनी पश्चिम सहारा या स्पेनच्या माजी वसाहतीत, ती स्वतंत्र व्हावी की मोरोक्कोत विलीन व्हावी यावर, सार्वमताचे आश्वासन दिले होते, ते आजवर का झाले नाही?

प्रतिसाद १ : मतदार कोण, याच प्रश्नावर ते अडले. स्वातंत्र्यासाठी मोरोक्कोशी लढलेल्या पोलिसारियो आघाडीला १९७४ च्या स्पॅनिश जनगणनेचा आधार हवा होता, तर मोरोक्कोला आपल्या हद्दीतील सहारावी वंशाच्या हजारो लोकांचाही समावेश हवा होता; यादी ठरली की निकालही ठरणार, हे दोघेही जाणून होते.

प्रतिसाद २ : मूळ आणखी मागे आहे. आंतरराष्ट्रीय न्यायालयाने ऑक्टोबर १९७५ मध्ये तेथील काही जमातींची मोरोक्कोच्या सुलतानाशी असलेली निष्ठा मान्य केली, परंतु त्यातून मोरोक्कोचे सार्वभौमत्व सिद्ध होत नाही असे म्हटले. तरीही महिनाभरातच राजे हसन दुसरे यांनी ‘हरित मोर्चा’त सुमारे साडेतीन लाख नागरिक सीमेकडे धाडले. न्यायालयाचे मत सल्लादर्शक होते, मोर्चा मात्र प्रत्यक्ष होता!

प्रतिसाद ३ : बाहेरच्या सत्तांनाही विसरू नये. अल्जीरियाने तिंदूफजवळ निर्वासितांना आणि पोलिसारियोला आश्रय दिला. अमेरिकेने डिसेंबर २०२० मध्ये, मोरोक्कोने इस्रायलशी संबंध पूर्ववत करण्याच्या समझोत्यात, त्याचा दावा मान्य केला. भारतानेही १९८५ मध्ये पोलिसारियोने घोषित केलेल्या सहारावी प्रजासत्ताकाला दिलेली मान्यता २००० मध्ये काढून घेतली.