कागद कोरताना कोपरे फाटतात, जाळी तुटते. चूक कुठे होतेय?

नवी_कातरी:
मथुरा-वृंदावनच्या सांझीसारखी (कागद कोरून साचे करायची कला) कागदाची जाळी कोरायला शिकतेय. नक्षीत मध्ये मोर, मागे कदंबाची पानं आणि भोवती जाळीची चौकट आहे. कागद साधा ए४ झेरॉक्सचा, कटर 18 मिमी पात्याचा, खाली वर्तमानपत्रांची चळत. कोपऱ्यांत कागद फाटतो, पिसाऱ्यातले डोळे गळून पडतात आणि चौकटीपर्यंत येईतो सगळं लुळं होतं. हात सुधारायला हवा की सामान बदलायला हवं?

कागदवेडा:
आधी सामान बदला. 18 मिमीचं पातं पुठ्ठ्यासाठी असतं, त्याचं टोक बारीक वळणात फिरत नाही. मेडिकलच्या दुकानात 3 नंबरचं सर्जिकल हँडल आणि 11 नंबरचं पातं मिळतं, ते घ्या. पातं बसवताना आणि काढताना चिमटा वापरा, बोटं नकोत. पेनासारखं धरून अगदी हलका दाब द्यायचा. कागदावरून 'खर्र' आवाज यायला लागला की पातं बोथट झालं, लगेच बदला. बोथट पातं कागद कापत नाही, ओढतं, आणि ओढलेला कागद कोपऱ्यातच फाटतो.

वर्तमानपत्र काढून टाका. टोक त्यात रुततं आणि कागद खाली दबून कडा पिंजतात. ए४ आकाराची कटिंग मॅट पुरे.

झेरॉक्सचा कागद 70-80 जीएसएमचा (एका चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन) असतो, जाळीसाठी तो लेचापेचा पडतो. 120 ते 160 जीएसएमचा घ्या. 200 च्या पुढे गेलात तर प्रत्येक रेघ दोनदा कापावी लागेल आणि मनगट भरून येईल. पुण्याचा हातकागद दिसतो सुंदर, पण त्याचे लांब धागे पात्याला अडकून कडा केसाळ होतात. तो पुढे कधीतरी.

जाळीदार:
सामान ठीक, पण डोळे गळतात ते चित्रामुळे. कोरायच्या कागदात सुटं बेट राहूच शकत नाही. पिसाचा डोळा म्हणजे वर्तुळात वर्तुळ. मधली कड पूर्ण गोल कापली की आतला ठिपका पडणारच. त्या कडेला वर आणि खाली 2 मिमीचे दोन 'पूल', म्हणजे न कापलेल्या पट्ट्या, सोडा, म्हणजे एका गोलाऐवजी दोन चंद्रकोरी कापल्या जातील. आणि ते पूल पिसाच्या देठाच्या रेषेतच ठेवा, मग ते जोड वाटत नाहीत, पिसाचाच भाग वाटतात. सांझीतलं सगळं कसब मला तरी इथेच दिसतं.

कापण्याआधी जो भाग शिल्लक राहणार तो पेन्सिलीने भरून काळा करा. काळ्यावर कुठेही बोट ठेवलं तरी काळ्यावरूनच चौकटीपर्यंत पोचता आलं पाहिजे. जिथे अडाल तिथे पूल हवा. नक्षी कागदाच्या मागच्या बाजूवर उलटी काढा, म्हणजे पुढे पेन्सिल दिसणार नाही.

नवी_कातरी:
पूल कळले, आज पिसारा पुन्हा काढते. पण जाळीचे चौकोन? पूल असूनही कोपरे फाटतात.

कागदवेडा:
रेघ कोपऱ्यात नेऊन संपवत असाल. तिथे पातं थोडं पुढे जातं, पुलाला चीर पडते आणि पुढे तीच फाटते. टोक कोपऱ्यात उभं टोचा आणि तिथून बाहेर निघा. प्रत्येक बाजू दोन्ही कोपऱ्यांकडून निघून मध्ये मिळवायची. मधला तुकडा ओढून काढू नका. मागून पात्याच्या टोकाने ढकला. अडकला तर एखादा धागा राहिलाय, त्याच जागी पुन्हा टोचा.

वळणावर पातं जागेवर ठेवा आणि डाव्या हाताने कागद फिरवा.

क्रमही तितकाच महत्त्वाचा. सगळ्यात बारीक भोकं आधी, मोठ्या मोकळ्या जागा नंतर, बाहेरची कड शेवटी. मोठी जागा आधी काढलीत तर बारीक काम लोंबत्या कागदावर करावं लागतं. तुमचं लुळं होणं बहुतेक त्यामुळेच. तळहाताखाली एक कोरा कागद ठेवा, पावसाळ्यात घामाने पूल मऊ पडतात.

घोटीव:
रोज अर्धा तास कात्रीचाही सराव ठेवा. 15 सेंमीचा घोटीव कागदाचा चौरस दोनदा अर्धा आणि एकदा तिरपा दुमडला की आठ पदर होतात. त्याहून जास्त पदर नकोत, आतले-बाहेरचे पदर सरकून नक्षी लहानमोठी येते. कात्रीच्या टोकाने नाही, बुडाजवळून कापा. रिकामी जागा आणि भरीव जागा ओळखायला डोळा याने लवकर तयार होतो.

जाळीदार:
एक राहिलं. सांझीचे साचे पितृपक्षात मंदिरांत रंग भुरभुरवण्यासाठी वापरतात, प्रत्येक रंगाला वेगळा साचा. तुम्हालाही रांगोळीसाठी साचा करायचा असेल तर 250-300 जीएसएमचा कार्डशीट घ्या आणि पूल 4 मिमीचे ठेवा. उचलताना दोघांनी समोरासमोरचे कोपरे धरून सरळ वर उचलायचा. एका बाजूने उचललात तर साच्यावरची रांगोळी घरंगळून नक्षीवर पडते.

नवी_कातरी:
सध्या भिंतीसाठीच करतेय. चिकटवायला फेव्हिकॉल चालेल?

घोटीव:
पातळ करून नको, पाण्याने कागद फुगतो. टूथपिकच्या टोकाने फक्त जाड भागांवर ठिपके द्या, बारीक पूल मोकळे ठेवा. वर पुस्तकांचं वजन ठेवून रात्रभर राहू द्या.