मदत हवी आहे: इंग्रजी बोलताना होणाऱ्या चुका कधी आणि कशा सुधाराव्यात?

नमस्कार मंडळी,

मी प्रौढांना इंग्रजी शिकवते. वर्गातले बहुतेकजण शाळेत इंग्रजी शिकून आलेले आहेत. वाचलेलं समजतं, रिकाम्या जागा भरायला दिल्या की बिनचूक भरतात, पण बोलायची वेळ आली की गाडी अडते. भाषेच्या ए१ (नवशिके) ते सी२ (पारंगत) अशा पातळ्या ठरवणाऱ्या युरोपीय चौकटीप्रमाणे सांगायचं तर वाचनात बी१ आणि बोलण्यात जेमतेम ए२. व्याकरण शिकवायला मला अडचण येत नाही. अडचण येते ती बोलण्याच्या तासाला, आणि तीही एकाच जागी: कुणी बोलताना चुकलं, तर त्या क्षणी मी काय करायचं?

एक नमुना देते, म्हणजे नेमकं कळेल. विषय होता मागचा रविवार. एक बाई सांगत होत्या, "लास्ट संडे आय गो टू माय सिस्टर हाऊस." मी लगेच म्हटलं, "ओह, यू वेंट टू युवर सिस्टर्स हाऊस!" त्या खूश होऊन म्हणाल्या, "येस, येस! अँड देन वी वॉच अ मूव्ही." म्हणजे मी दुरुस्ती केली हे त्यांच्या गावीही नव्हतं. त्यांना वाटलं, मी त्यांच्या गोष्टीत रस घेतेय. (तोही घेतच होते म्हणा.)

दुसरा मार्ग म्हणून एकदा मध्येच थांबवून विचारलं, "गो नको, भूतकाळात काय म्हणाल?" "वेंट" हे उत्तर क्षणात आलं! म्हणजे रूप त्यांना पाठ आहे. पण त्या थांबण्याने गोष्टीचा धागा तुटला, आणि पुढच्या माणसाने धसका घेऊन "आय स्टेड ॲट होम" एवढंच सांगून विषय संपवला. वाक्य अगदी शुद्ध होतं, पण एवढ्या सरावाने बोलता कसं येणार?

याबद्दल जे वाचलं त्यात दोन टोकं दिसतात. 1950-60च्या दशकांतली श्रवण-भाषण पद्धत म्हणायची की चूक म्हणजे वाईट सवय, ती रुजायच्या आत खुडा आणि बरोबर वाक्य घोकून घ्या. पुढे 1970च्या दशकापासून संवादाधारित पद्धत आली आणि आशय पोचण्याला महत्त्व आलं. भाषा कशी आत्मसात होते याचे अभ्यासक स्टीफन क्रॅशन तर म्हणतात की चुका सुधारण्याने भाषा आत्मसात होत नाही. समजेल अशी भाषा भरपूर कानावर पडली पाहिजे आणि मनावर ताण नको. याउलट याच विषयाच्या अभ्यासक मेरिल स्वेन यांनी कॅनडातल्या फ्रेंच माध्यमात शिकणाऱ्या इंग्रजीभाषक मुलांबद्दल दाखवलं की वर्षानुवर्षं फ्रेंच ऐकून त्यांची समज उत्तम झाली, तरी बोलण्यातल्या व्याकरणाच्या चुका तशाच राहिल्या. मला दोन्हींत तथ्य वाटतं, आणि म्हणूनच वर्गात उभी राहिले की निर्णय होत नाही.

सध्या मी जोड्यांमधून फिरताना कानावर आलेल्या चुका वहीत टिपते आणि शेवटी नावं न घेता फळ्यावर लिहून सगळ्यांकडून सुधारून घेते. वातावरण चांगलं राहतं. पण "वी वॉच अ मूव्ही लास्ट संडे" हे फळ्यावर आलं की सगळे दुसऱ्याचीच चूक पाहिल्यासारखं सुधारतात, आणि पुढच्या तासाला तेच वाक्य तसंच कानावर येतं.

तर अनुभवी शिक्षकांना विचारायचंय: कोणत्या चुकीवर थांबवायचं आणि कोणती सोडून द्यायची? थांबवायचं तर बरोबर वाक्य आपण म्हणून दाखवायचं की त्यांच्याकडूनच काढून घ्यायचं? आणि वर्ग मोठा असून सगळ्या जोड्या एकाच वेळी बोलत असतील तर हे जमवायचं कसं? काहीजण "माझी एकही चूक सोडू नका" असं आवर्जून सांगतात, त्यांना काय सांगायचं? "व्याकरण विसरा, नुसतं बोलू द्या" हा सल्ला बऱ्याचदा ऐकलाय. प्रत्यक्ष वर्गात काय केलंत ते लिहिलंत तर फार मदत होईल.

प्रतिसाद

ताई, तुमच्या त्या "येस, येस" मध्येच अर्धं उत्तर आहे. तुम्ही त्यांचं चुकलेलं वाक्य बोलण्याच्या ओघात बरोबर करून म्हटलंत, त्याला रीकास्ट म्हणतात. लायस्टर आणि रांटा यांनी 1997मध्ये कॅनडातल्या फ्रेंच माध्यमाच्या वर्गांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात शिक्षकांच्या दुरुस्त्यांपैकी 55 टक्के दुरुस्त्या रीकास्ट होत्या, पण त्यानंतर मुलांनी काही प्रतिक्रिया दिली ती फक्त 31 टक्के वेळा. याउलट शिक्षकाने उत्तर मुलांकडूनच काढून घ्यायचा प्रयत्न केला, तेव्हा दर वेळी प्रतिक्रिया आली आणि जवळपास निम्म्या वेळा मुलांनी चूक स्वतः सुधारली. ते वर्ग लहान मुलांचे आणि फ्रेंचचे होते, हे लक्षात ठेवूनच वाचायचं. पण गप्पांच्या ओघात आलेला रीकास्ट दाद दिल्यासारखा ऐकू येतो, हे मी प्रौढांच्या वर्गातही कायम पाहिलंय.

तुमच्या त्या बाईंना रूप येत होतं, म्हणून ते त्यांच्याकडूनच काढायचं. पण "भूतकाळात काय म्हणाल" हा परीक्षेतला प्रश्न झाला. त्याऐवजी त्यांचंच वाक्य अर्धं म्हणा, "लास्ट संडे आय...", आणि थांबा. खरंच थांबा. मेरी बड रो यांनी 1970च्या दशकात अमेरिकेतल्या विज्ञानाच्या वर्गांत मोजलं होतं: प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी एक सेकंदच थांबत. ते तीन सेकंदांवर नेल्यावर उत्तरं लांबली आणि एरवी गप्प असणारी मुलंही बोलू लागली. परक्या भाषेत तर ते तीन सेकंद हवेतच. रूप मुळात माहीतच नसेल, तर मात्र काढून घ्यायच्या भानगडीत पडू नका, सरळ सांगून टाका.

कोणती चूक धरायची, हे तासाला जायच्या आधी ठरवा. विषय मागचा रविवार असेल तर फक्त भूतकाळ धरायचा. "सिस्टर हाऊस" कानाआड करायचं. "ही", "शी", "इट" यांच्या क्रियापदाला लागणारा 'एस' तर सोडूनच द्या. नियम पहिल्या आठवड्यात सांगता येतो, पण बोलण्यात तो फार उशिरा स्थिरावतो. ऐकणाऱ्याला अर्थच कळला नाही, तर मात्र चूक कुठलीही असो, तिथल्या तिथे थांबवायचं.

आणि सगळ्यात महत्त्वाचं: तीच गोष्ट पुन्हा सांगायला लावा. भाषाशिक्षणाचे अभ्यासक पॉल नेशन यांच्या लेखनातून माहीत झालेली 4-3-2 ही कृती करून पाहा. एकाने चार मिनिटं बोलायचं, मग जोडीदार बदलून तेच तीन मिनिटांत, पुन्हा बदलून दोन मिनिटांत. मूळ हेतू ओघ वाढवण्याचा आहे. मी त्यात एक भर घालते: पहिल्या फेरीनंतर लगेच फळ्याकडे जाते आणि आत्ताच ऐकलेली क्रियापदं सगळ्यांकडून सुधारून घेते. पहिल्या फेरीत सगळं लक्ष काय सांगायचं यातच गुंतलेलं असतं, म्हणून पाठ असलेलं "वेंट"सुद्धा तोंडात येत नाही. दुसऱ्या फेरीत गोष्ट तयार असते, मग रूपांकडे लक्ष द्यायला फुरसत मिळते. तुमचा फळा तासाच्या शेवटी येतो आणि नंतर ते वाक्य वापरायची संधीच उरत नाही, म्हणून ते टिकत नसावं.

प्रतिसाद

मोठ्या वर्गासाठी: जोड्यांऐवजी तिघांचे गट करा. दोघं बोलतील, तिसरा फक्त भूतकाळाची क्रियापदं जशी ऐकू येतील तशी कागदावर लिहील. बोलून झालं की तिघांनी मिळून तो कागद तपासायचा, मग भूमिका बदलायच्या. चूक स्वतःच्याच तोंडची आहे हे कागदावर दिसतं, त्यामुळे दुसऱ्यावर ढकलता येत नाही. "एकही चूक सोडू नका" म्हणणाऱ्यांना त्यांच्या फोनवर स्वतःचं दोन मिनिटांचं बोलणं ध्वनिमुद्रित करून घरी लिहून काढायला सांगा. बऱ्याच चुका त्यांच्या त्यांनाच सापडतात, उरलेल्या तुम्ही दाखवा.

धागाकर्ती

दोघांचेही मनापासून आभार. फळा पहिल्या आणि दुसऱ्या फेरीच्या मध्ये आणायचा, हे मला सुचलंच नव्हतं, आणि याच आठवड्यात ते करून पाहणार आहे. तिघांच्या गटाबद्दल एक शंका: ऐकून लिहिणाऱ्यालाच "वॉच" आणि "वॉच्ड" यातला फरक ऐकू आला नाही तर? आमच्याकडे शेवटचा 'ड' आणि 'ट' बोलण्यात इतका पुसट होतो की बोलणाऱ्याने म्हटला की नाही, हे कधी कधी मलाही कळत नाही. अशा वेळी सुरुवातीला फक्त वेंट, सॉ, एट, बॉट यांसारखी पूर्ण बदलणारी क्रियापदंच धरावीत का, की आधी उच्चारांवर वेगळा वेळ द्यावा?