एप्रिलमध्ये मधमाश्यांची पेटी रिकामी का होते?
या प्रश्नावर दोघांनी लिहिलंय की सातेरी, म्हणजे आपली देशी मधमाशी, पेटी सोडून जाते ती उन्हामुळे, पेटी कडुनिंबाखाली ठेवली की झालं. सावली हवीच, पण जळगाव-भुसावळच्या ४३-४४ अंशांत तेवढ्यानं भागत नाही. अंडी-अळ्यांजवळ ३४-३५ अंश राखायला माश्या पाणी आणून पोळ्यावर थेंब पसरतात नि पंखांनी वारा घालतात. पाणी जवळ नसलं की त्या शेजारच्या कूलरवर जातात, बऱ्याच बुडतात, वर शेजाऱ्यांची कटकट वेगळी. पसरट परातीत खडे टाकून पाणी ठेवा, खड्यांची डोकी कोरडी राहू द्या. हे फेब्रुवारीतच सुरू करायचं, कारण एकदा कूलरवर जायची सवय लागली की माश्या ती सहजी सोडत नाहीत.

दुसरं कारण उपासमार, आणि ते इथे कुणी काढलंच नाही. फुलोरा सरला की पेटीतल्या चौकटीच्या (जिच्यात माश्या पोळं बांधतात) वरच्या कडेला मेणानं बंद केलेला मध आहे का बघा. नसेल तर एक किलो साखर एक लिटर गरम पाण्यात विरघळवून, गार करून, पेटीच्या आत, संध्याकाळीच द्या. दिवसा दिलं किंवा बाहेर सांडलं तर दुसऱ्या वसाहतीच्या माश्या लुटायला येतात. गूळ नको, माश्यांना हगवण लागते. ज्यांवर माश्या बसलेल्या नसतात त्या चौकटी काढून घ्या, मेणकिडा (पोळ्याचं मेण खाणारी कीड) तिथूनच शिरतो. स्टँडचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवा, मुंग्या चढू नयेत म्हणून. आणि घरातल्या पोरांना सांगून ठेवा, पेटी मागून बघायची, दारासमोर उभं राहायचं नाही.