वर्धा मार्गावर जलद बस: उड्डाणपुलावरून की खालून?

प्रश्न: नागपुरात सीताबर्डीहून बुटीबोरीच्या औद्योगिक वसाहतीत कामावर जाणाऱ्यांसाठी मोजके थांबे असलेली जलद बस सुरू केली, तर तिने अजनी ते विमानतळ हा ३.१४ किलोमीटरचा दुमजली पूल (वर मेट्रो, त्याखाली वाहनांचा उड्डाणपूल) वापरावा की खालचा रस्ता?

उत्तर १: पुलावरूनच, कारण पुलाखालच्या छत्रपती चौकातले प्रवासी मेट्रोने जाऊ शकतात. मात्र मेट्रो खापरीपर्यंतच आहे. खरी गरज त्यापुढे आहे.

उत्तर २: पुलावर वाचलेला वेळ उतारावर जातो, हे विसरू नका. खाली उतरणारी बस, डावीकडून घुसणारे ऑटो आणि सिग्नलला थांबलेल्या दुचाक्या एकाच ठिकाणी येतात. अमेरिकेत न्यूजर्सीतून न्यूयॉर्कला जोडणाऱ्या लिंकन बोगद्याकडे जाणाऱ्या मार्गावर १९७० पासून सकाळच्या गर्दीत समोरच्या दिशेची एक मार्गिका बससाठी राखली जाते, कारण त्या वेळी परतीच्या दिशेला वाहने कमी असतात. आपल्याकडे बुटीबोरीकडे जाणारे आणि शहरात येणारे दोन्ही सकाळीच निघतात, त्यामुळे ती उलटी मार्गिका येथे चालणार नाही. उतारानंतरच्या चौकात बसला सिग्नलचे प्राधान्य देणे अधिक उपयोगी ठरेल.

उत्तर ३: सहमत. पण आधी खापरी स्थानकाबाहेर, मेट्रोतून उतरल्यावर उन्हात रस्ता ओलांडावा लागणार नाही अशा ठिकाणी, बसथांबा द्या. मे महिन्यात तेवढे अंतरही माणसाला पुन्हा दुचाकीकडे वळवते, आणि वेळापत्रक मेट्रोशी जुळले नाही तर जलद बस केवळ नावापुरती राहील.