दक्षिण फ्लोरिडा स्लॅश पाइन: दोन वर्षं झाली, रोप अजून गवतासारखंच

प्रश्न
फ्लोरिडात नेपल्सजवळ पाऊण एकर सखल जागा आहे. पावसाळ्यात घोटाभर पाणी, एप्रिलमध्ये रेती ठणठणीत कोरडी. स्लॅश पाइन या सूचिपर्णी झाडाच्या 'डेन्सा' या दक्षिण फ्लोरिडातल्या वाणाची रोपं लावून दोन वर्षं झाली, पण खोडच दिसत नाही, नुसता सुयांचा झुबका. खत घालू का? जुन्या पाइनखाली सुयांचा वीतभर थर साचलाय, तो जाळून टाकावा का?

उत्तर १
खत अजिबात नको, त्यानं आजूबाजूचं गवतच माजेल. रोप खुंटलेलं नाही. डेन्साची ही गवत-अवस्था दोन-तीन वर्षं, कधी त्याहूनही जास्त चालते. त्या काळात सगळी ताकद सोटमुळाकडे जाते. वरून आग गेली तरी सुया जळतात, मधला कोंब झुबक्यात वाचतो. उत्तरेकडच्या 'इलियोटी' वाणाला ही अवस्था नसते, त्याचं कोवळं बारीक खोड आगीत जातं. म्हणजे तुम्हाला रोपवाटिकेनं वाण बरोबर दिलाय.

भोवती दोन-अडीच फूट गवत हातानं काढा. कोंबावर माती किंवा पालापाचोळा चढू देऊ नका. प्रत्येक रोपाशी उंच काठी रोवा, कारण या वयात रोपं सहज गवत कापायच्या यंत्राखाली जातात.

उत्तर २
जुन्या झाडांबाबत घाई नको! बरीच वर्षं आग न लागलेल्या जागी झाडाची बारीक मुळं त्या कुजट थरातच वर चढलेली असतात. कोरड्या दिवसांत पेटवलात तर थर तासन् तास धुमसतो, मुळं आणि बुंध्याची आतली साल शिजते. शेंडा हिरवा दिसतो म्हणून आपण निर्धास्त राहतो आणि काही महिन्यांनी भुंगेरे लागून झाड वाळतं. जाड साल झरझर पुढे सरकणाऱ्या आगीपासून वाचवते, धुमसणाऱ्या थरापासून नाही.

बुंध्याभोवतीचा थर एकदम उकरू नका, मुळं उघडी पडतील. दोन-तीन हंगामांत थोडा थोडा कमी करा. पहिली आग खालचा थर ओला असतानाच, म्हणजे वरच्या सुट्या सुया तेवढ्या जळतील. फ्लोरिडा वनसेवेची परवानगी हवीच, आणि काम प्रमाणित जाळ-व्यवस्थापकाकडून करून घ्या.

उत्तर ३
आग टाळतच राहणं हाही उपाय नाही. रुंदपानी झाडं दाटली की पाइनच्या बियांना उघडी माती आणि ऊन मिळत नाही. एव्हरग्लेड्स राष्ट्रीय उद्यानात 1958 पासून पाइनची रानं मुद्दाम जाळतात ती याचसाठी.

पेटवण्याआधी मेलाल्युका, म्हणजे ऑस्ट्रेलियातून आलेला आक्रमक वृक्ष, शोधा. कागदासारखी सुटणारी पांढरी साल, लगेच ओळखू येतो. आगीनंतर तो लाखो बिया सोडतो आणि ओल्या राखेत त्यातल्या बऱ्याच रुजतात. आधी तोडून बुंध्यावर तणनाशक लावा, उगवलेली रोपं मुळासकट उपटा, मगच जाळ.