आपल्या घरातलं 'पहिल्यांदा' : कोकणातले मोसम आणि तुमचे अनुभव

परवा गुहागरला आढी लावताना विषय निघाला की धाकट्याला पोहायला कधी आलं. बायको म्हणाली 2022, मी म्हणालो 2023, फोनमधले फोटो उघडून वाद घालणार तेवढ्यात आई माजघरातून ओरडली, "ज्या वर्षी वळवाने साठं भिजली ना, त्या वर्षी!" आणि विषय संपला. सगळ्यांना पटलं. आमच्याकडे सालं अशीच लक्षात राहतात, आकडा कोणाच्याच डोक्यात नसतो.

म्हणून हा धागा. कुठे फिरायला जावं, काय बघावं याच्या याद्या नकोत, त्या ढिगाने मिळतात. मोसम कुठला, बरोबर कोण होतं आणि त्या खेपेला घरात पहिल्यांदा काय झालं तेवढं सांगा. छोटं असलं तरी चालेल, उलट छोटंच बरं.

सुरुवात माझ्यापासून. आमच्या वाडीतल्या पायऱ्यांच्या विहिरीत बाबांनी नातवाला पोहायला उतरवलं, पोटाला सुके नारळ जोडीने बांधून, जसं मला शिकवलं होतं तसंच. मी मुंबईहून चांगलं लाइफ जॅकेट आणलं होतं ते बाबांनी हातात घेतलं, उलटंसुलटं बघितलं आणि वळईवर नेऊन ठेवलं. पाचव्या दिवशी मधेच सुंभाची गाठ सुटली. नारळ एकीकडे, पोरगा एकीकडे, आणि त्याला पत्ताच नाही, हात मारत सरळ पायरीपर्यंत आला. मी ओरडणार होतो पण बाबांनी काठावरून नुसतं बोट ओठावर ठेवलं. पायरी धरल्यावर त्याने मागे वळून पाण्यात तरंगणारे नारळ बघितले आणि मग जे भोकाड पसरलं ते जेवणापर्यंत. त्याच संध्याकाळी पाऊस आला आणि साठं भिजली, ती पळापळ वेगळीच.

—

मस्त विषय! आमचं कुडाळजवळचं, म्हणजे मोसम एकच, गणपती. बाकी वर्षभर आम्ही ठाण्यात नुसते राहतो म्हणा.

पूर्वी रेल्वेचं बुकिंग 120 दिवस आधी उघडायचं, नोव्हेंबर 2024 पासून 60 दिवस झालं, पण आमच्या घरातली सकाळी आठची लढाई तीच. मी लॅपटॉपवर, बायको मोबाइलवर, मेहुणा त्याच्या ऑफिसातून, आणि तरी वेटिंग. त्या वर्षी तुतारीचं कन्फर्म मिळालं तेव्हा आठ महिन्यांची मुलगी घेऊन निघालो, तिचा पहिला गणपती. सगळ्यांना वाटेल 'पहिल्यांदा' म्हणजे हेच, पण नाही.

आमच्याकडे गणपतीच्या डोक्यावर माटवी बांधतात. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, लाकडी चौकट असते तिला रानातलं सगळं बांधायचं, कवंडाळं, हरणाची फुलं, शेरवडाची पानं, तेरडा, कांगण्या, आंब्याचे टाळ, शिवाय नारळ आणि सुपारीचा घड. ते रानात जाऊन आणण्यापासून बांधण्यापर्यंत सगळं माझ्या काकांचं खातं, त्यात कोणी हात घालायचा नाही, दोरी पण तेच कापणार. त्या वर्षी सकाळी सगळा पसारा अंगणात मांडलेला आणि काका खुर्चीत बसलेले. म्हटलं काय झालं. तर म्हणाले, "माझो हात वर जाणा नाय आता. तू बांध." एवढंच. मग मी तीन तास स्टुलावर आणि काका खालून "कवंडाळ मधी घे, मधी, तुका मधी कळता काय?" मी बांधलेली माटवी दुसऱ्या दिवशी डावीकडे कलली ती पाच दिवस तशीच. आरतीला आलेला प्रत्येक माणूस वर बघून मान तिरकी करायचा. काकांनी मात्र कोणाला सरळ करू दिली नाही.

—

वाचून गहिवरून आलं. आमचं त्यामानाने फारच साधं आहे.

फेब्रुवारी-मार्चमध्ये वेळासला कासवं बघायला गेलो होतो, श्रीवर्धनकडून येऊन बागमांडल्याला गाडी फेरीबोटीत चढवली आणि वेश्वीला उतरलो, मुलीला खरं तर त्या बोटीचंच जास्त कौतुक. वेळासला ऑलिव्ह रिडलीची अंडी कुंपण घातलेल्या जागेत वाळूत पुरून जपतात, साधारण 50-55 दिवसांनी पिल्लं वर येतात, आणि सकाळ-संध्याकाळ टोपली उचलून बघतात की आली का. आली असतील तर सगळ्यांसमोर समुद्रात सोडतात. नसतील तर नाही. हे 'नसतील तर नाही' आम्ही पोरीला नीट सांगितलंच नव्हतं.

पहिली संध्याकाळ, टोपलीखाली वाळू. दुसरी सकाळ, वाळू. दुसऱ्या संध्याकाळी एक काका मोठमोठ्याने म्हणायला लागले की पैसे वाया गेले, लांबून आलोय वगैरे. आणि आमची सहा वर्षांची, जिला घरी लिफ्ट यायला उशीर झाला तरी चालत नाही, ती त्यांना म्हणाली, "अहो ती झोपली असतील ना." तिसऱ्या सकाळी आमची निघायची वेळ, बॅगा डिकीत, आणि तेरा पिल्लं. मी एकही फोटो काढला नाही कारण तिने माझा हात धरून ठेवला होता, खरंच सोडेना. तर आमचं पहिल्यांदा हे की पोरगी थांबली.

—

गणपती, कासवं, सगळं छान. आमची हिरॉइन आजी आहे.

2022 च्या ऑगस्टपासून 75 च्या वरच्यांना एसटी फुकट झाली. आजी तेव्हा 77. आमचं घर चिपळूणला, तिचं माहेर देवरुखजवळ. तोवर आजी एकटी कुठे म्हणजे कुठेच गेलेली नाही, आधी आजोबा, मग बाबा, मग मी. जानेवारीत संक्रांतीला मार्लेश्वराचं लग्न असतं ना गिरिजादेवीशी, त्याला जायचं म्हणाली. आम्ही सगळे आपापल्या कामात, रजा नाही, पुढच्या वर्षी जाऊ म्हटलं. दुसऱ्या दिवशी सकाळी बघतो तर आजी स्टँडवर! शेजारच्या पोराला रिक्षा आणायला सांगून गेलेली, पिशवीत आधार कार्ड, चष्मा, तिळाचे लाडू नि एक छत्री, जानेवारीत. मी धावत पोचलो तर गाडीत बसलेली, मला खिडकीतून म्हणते, "मी काय हरवणार आहे होय? गाडी हरवली तर डेपोवाले शोधतील की."

देवरुखहून भाचीला घेऊन मारळपर्यंत गेली. पायऱ्या नाही चढली, खालीच बसून राहिली, पण पालखी बघितली म्हणे. कंडक्टरने दिलेलं शून्य रुपयाचं तिकीट तिने पोथीत ठेवलंय आणि आल्यागेल्याला दाखवते. त्यानंतर ती नऊ वेळा गेली. आम्हाला फोन करते पोचल्यावर, कधी कधी करत पण नाही.

—

आजीला साष्टांग नमस्कार _/\_

मी मालवणचा, जन्म इथलाच, आणि लाज वाटते सांगायला पण 41 व्या वर्षापर्यंत सिंधुदुर्ग किल्ल्यावर गेलो नव्हतो. समोर दिसतो ना रोज, म्हणून. पाहुणे आले की धक्क्यापर्यंत सोडायचं, तिकीट काढून द्यायचं आणि आपण परत दुकानात. पावसात तर होड्याच बंद.

मुलगी चौथीत गेली, चौथीला शिवाजी महाराजांचा इतिहास, आणि एका रविवारी म्हणाली बाबा तू आत काय काय बघितलंस ते सांग. काय सांगणार कपाळ. गेलो. आत गाइड भेटला, 25 नोव्हेंबर 1664 ला कुरटे बेटावर पायाभरणी, तीन वर्षांत किल्ला उभा वगैरे सांगायला लागला, मग विचारतो कुठून आलात. माझ्या तोंडून निघून गेलं, "पुणे." आणि आमची लगेच, "बाबा आपण बाजारपेठेतले ना?" गाइडने माझ्याकडे बघितलं, मी समुद्राकडे.

पण दूधबाव, साखरबाव, दहीबाव या विहिरी बघितल्या, चहूबाजूला खारं पाणी आणि मधोमध गोडं, आणि पुस्तकातलं वाक्य असं समोर बघून पोरीचा चेहरा जो झाला तो बघण्यासारखा होता. तटावरून आमचं घर शोधलं. तिकडून इकडे आयुष्यभर बघितलेलं, इकडून तिकडे पहिल्यांदाच. आमची पाण्याची टाकी केवढी पिवळी आहे हे मला तिथून कळलं.

—

अलिबागवाले. हिवाळा, पोपटी. वालाच्या शेंगा, अंडी, चिकन, ओवा, मीठ, मडक्यात खाली-वर भांबुर्डीचा पाला, पाण्याचा थेंब नाही, मडकं उलटं करून भोवती पेंढा पेटवायचा. झालं की नाही हे बघायला मडक्यावर पाणी शिंपडतात, चर्र आवाज आला की झालं. तो आवाज यंदा पहिल्यांदा माझ्या मुलाने ओळखला, मी अजून म्हणत होतो थांब. संपली गोष्ट.

—

आमचा जावई लातूरचा. शिमग्याला पहिल्यांदा आला रत्नागिरीकडे आमच्या गावी, सासरा म्हणून मला टेन्शन, कारण पालखी घरी येते तेव्हा आमच्याकडे अर्धा गाव ओटीवर असतो. त्याला एका बाजूला खुर्ची दिली. पालखी आली, गाऱ्हाणं झालं, ओटी भरून झाली, आणि पालखी नाचवायला अंगणात घेतली तेव्हा कोणीतरी त्याला हाताला धरून उभं केलं. मी नको नको म्हणेपर्यंत खांदा दिलेला. ढोल सुरू झाल्यावर पाव तास तरी माणूस परत दिसला नाही, गुलालाचा नुसता ढीग फिरत होता. रात्री खांद्याला तेल लावून घेताना मला म्हणतो, "मामा, आमच्याकडं एवढी वाकून नाही नाचवत हो पालखी." आता होळीच्या आधी पंधरा दिवस तोच फोन करून विचारतो पालखी आपल्या वाडीत कधी येणार, मुलगी नाही विचारत.

—

सगळे बाहेरून येणारेच लिहितायत म्हणून जरा लिहिते. आम्ही तारकर्लीच्या बाजूला राहतो, घरातल्या दोन खोल्या पर्यटकांना देतो. तुमचा मे, तुमचा डिसेंबर, तुमचे लाँग वीकेंड म्हणजे माझे घावणे, सोलकढी, गरम पाणी आणि "ताई वायफाय चालत नाहीये". तक्रार नाही, पोट त्यावरच आहे, पण पिकनिक हा शब्द ऐकला की मला आधी चादरी दिसतात.

आमची सुट्टी म्हणजे लावणी संपली की श्रावणात, आणि आम्ही समुद्रावर नाही जात, घाट चढून कोल्हापूरला. अंबाबाईचं दर्शन, पोरांना कपडे, आणि एक रात्र लॉजवर. गेल्या वर्षी सकाळी नाश्त्याला बसलो आणि पोऱ्याने ताट माझ्यासमोर आणून ठेवलं. लग्नाला सोळा वर्षं झाली, हॉटेलात आधी जेवलेय, पण सकाळी उठून चूल न पेटवता आयतं ताट ते पहिलंच. मिसळ तिखट होती, डोळ्यात पाणी आलं ते त्यानेच असं नवऱ्याला सांगितलं.

—

ताई, तुमच्याकडे एकदा यायचंय, चादरी आमच्या आम्ही आणू :)

आमचं श्रीवर्धनचं. 3 जून 2020, निसर्ग वादळ. आमच्या वाडीतल्या पोफळी एका दुपारात आडव्या झाल्या, माडही गेले, वीज यायला महिना लागला. मी डोंबिवलीत लॉकडाऊनमध्ये, फोन लागेना. बाबांनी त्याच पावसाळ्यात रोपं लावायला घेतली, सावलीला मधे केळी. मी म्हटलं पाच-सहा वर्षं लागतात फळ धरायला, तुम्ही सत्तरीचे, कशाला, तर आठ दिवस माझ्याशी बोलले नाहीत.

यंदा पहिला घोस आला. तो देवळात गेला. दुसऱ्यातली एक सुपारी बाबांनी जेवणानंतर स्वतः अडकित्त्याने कातरली आणि सगळ्यांच्या हातावर ठेवली. ओली होती, चव काहीच नव्हती. तरी सगळ्यांनी खाल्ली, माझ्या बायकोला भोवळ आली.

—

मी एसटीवाल्या आजीचा नातू परत. आजीला सगळा धागा वाचून दाखवला. माटवीवर हसली, सुपारीवर "ओली कशाला खाल्ली मेल्यांनी" म्हणाली. आणि माझं चुकलंय म्हणते, दुरुस्त करायला लावलंय. मार्लेश्वराला ती पहिल्यांदा नव्हती गेली, लग्नाआधी आत्याबरोबर बैलगाडीने गेली होती. मग पहिल्यांदा काय झालं असं विचारलं तर म्हणाली, "खिडकी. ह्यांना वारा लागायचा म्हणून खिडकीत हे बसायचे, मी पिशव्या धरून अलीकडे. त्या दिवशी सबंध रस्ता बघितला."